मास्टरचं कुंकू

परवा दवाखान्यात डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर मोजलं आणि जरा वाढलंय म्हणाले. मी विचारलं, हे यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलं होतं? डॉक्टर तरुण आहेत, मनाने चांगले आहेत, ते हसले. सोबत आलेला माझा मुलगा मात्र हसला नाही. त्याला सवय आहे. भाजीवालीच्या काट्यापासून पेट्रोल पंपाच्या मीटरपर्यंत, माप सांगणाऱ्या प्रत्येक वस्तूकडे मी संशयाने पाहते, आणि त्यापायी लहानपणापासून त्याला किती ठिकाणी ताटकळत उभं राहावं लागलं ते तोच जाणे. यंत्र खोटं कशाला बोलेल, असं तो मला एकदा वैतागून म्हणाला होता. यंत्र मुद्दाम खोटं बोलत नाही हे मलाही मान्य आहे. पण त्याला कुणी खोटं शिकवलं असेल तर ते बिचारं तेच खरं मानून बोलत राहतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका कारखान्यात, विशी नुकती ओलांडली होती तेव्हा, माझ्या बापाच्या अब्रूवर बेतलं म्हणून मी ते शिकले.

आम्ही तेव्हा जयताळ्याला राहायचो. दोन खोल्या, मागे न्हाणी, आणि पुढे आईने जिवापाड वाढवलेला मोगरा. आता त्या बाजूला गेलं की डोक्यावरून मेट्रो जाते आणि आमची गल्ली नेमकी कोणती हे मलाच दोनदा विचारावं लागतं. बाबा कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर होते. फिरत्या दगडी चाकावर पोलादाची पीन घासून तिला नेमक्या मापावर आणायची, हे त्यांचं काम. ते घरात शिरले की आधी वास यायचा, मशीनवर पडणाऱ्या तेलकट पाण्याचा. मग न्हाणीत त्यांचं साबण चोळणं, मग तांब्या आपटणं, मग आईचं "हळू जी, तांब्यानं काय बिघडोलं" असं म्हणणं. हात कितीही धुतले तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. त्याच हातांनी ते भाकर मोडून झुणक्यात बुडवायचे, आणि कांदा बुक्कीने फोडायचे. कांदा फोडल्याचा तो आवाज मला आजही जेवणाची घंटा वाटतो.

नम्रता हा गुण बाबांच्या वाट्याला आला नव्हता, आणि त्यांना त्याचं दुःखही नव्हतं. अख्ख्या हिंगण्यात आपल्यासारखा ग्राइंडर नाही, हे ते पानठेल्यावर, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठेही सांगायचे. आई म्हणायची, मोठेपण लोकांनी सांगावं. बाबा म्हणायचे, लोकायले टाइम नसते. एकदा कधीतरी त्यांनी कारखान्यातलं व्हर्निअर घरी आणलं होतं आणि आईच्या पुरणपोळीची जाडी मोजली होती. कडेला एवढी, मध्ये एवढी, "पाहा, अर्ध्या सुताचा फरक आहे" असं त्यांनी जाहीर केलं. आई संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. नंतर बोलली ती एवढंच, की पोळी तोंडात मोजतात. आईचं सगळं अदमासाने चालायचं. मीठ चिमटीने, तिखट रंगावरून, भाताचं पाणी बोटाच्या पेरावरून. आणि तिचा गोळाभात कधी बिघडल्याचं मला आठवत नाही, हेही इथे नोंदवायला हवं. मी दोघांचीही मुलगी आहे.

दहावीनंतर मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकल घेतलं ते बाबांच्या हट्टाने. वर्गात मुली नव्हत्याच म्हणायला हरकत नाही. डिप्लोमा झाला आणि बाबांच्याच कारखान्यात, इन्स्पेक्शनच्या खोलीत, मला ट्रेनी म्हणून घेतलं. घेतलं ते मुळे साहेबांनी. ते त्या विभागाचे प्रमुख, पुण्याकडचे, कमी बोलणारे, आणि मुलगी आहे म्हणून घेऊ नका असं सांगणाऱ्यांना त्यांनी विचारलं होतं म्हणे, की मायक्रोमीटरला कसं कळणार धरणारा हात कुणाचा आहे. कंपनीच्या बसमध्ये मी पुढच्या सीटवर ऑफिसातल्या बायकांजवळ बसायची आणि बाबा मागे त्यांच्या कंपूत. बाबांनी पहिल्याच दिवशी ताकीद दिली होती की कारखान्यात मले बाबा म्हणू नको, सगळे म्हणतात तसं नामाभाऊ म्हण. ते मला शेवटपर्यंत जमलं नाही, म्हणून मी तिथे त्यांना कोणत्याच नावाने हाक मारली नाही.

इन्स्पेक्शनची खोली म्हणजे कारखान्यातली एकमेव थंड जागा. नागपूरच्या उन्हात पोलाद फुगतं, आणि फुगलेल्या पोलादाचं माप खरं धरता येत नाही, म्हणून तिथे एसी. बाहेरची माणसं काही ना काही निमित्त काढून आत यायची आणि आमच्या मापांपेक्षा आमच्या गारव्याचं जास्त कौतुक करायची. तिथे माझे गुरू होते ठवरेकाका. कपाळावर ठसठशीत गंध, गळ्यात माळ, गुरुवारचा उपास, आणि हात असा हलका की पीन उचलली तर पिनेला कळू नये. गेज, म्हणजे माप ठरवणारं पोलाद, नुसत्या बोटांनी धरायचं नाही, कातड्याच्या मऊ तुकड्याने धरायचं, कारण बोटाच्या उबेनेही ते वाढतं, हे मला त्यांनी शिकवलं. माझ्या डब्यातली आईची पाटोडी त्यांना फार आवडायची. एकादशीला ते तिच्याकडे नुसते बघायचे, आणि मलाच वाईट वाटायचं.

आमचं काम समजायला सोपं आहे. पिना मोजायला घड्याळासारखी काट्याची तबकडी असायची, तिला डायल म्हणायचे. पण डायल स्वतःच्या मनाने काही सांगत नाही. रोज सकाळी त्याला सांगावं लागतं की बाबा रे, पंचवीस मिलिमीटर म्हणजे एवढं. हे सांगायला पोलादाचा एक चकचकीत ठोकळा होता, आगपेटीहून लहान, नेमका पंचवीसचा. तो मास्टर. मास्टर डायलखाली ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, मास्टर काढून घ्यायचा, आणि मग पिना एकेक करून खालून सरकवायच्या. पीन जाड असली तर काटा उजवीकडे जाणार, बारीक असली तर डावीकडे. दोन्हीकडे पाच-पाच मायक्रॉनची सूट. मायक्रॉन म्हणजे किती? डोक्यावरचा एक केस उभा चिरून त्याच्या सत्तर-ऐंशी चिरोट्या केल्या तर त्यातली एक. जाड पीन परत घासता येते. बारीक पीन मात्र भंगारात, कारण निघालेलं पोलाद कुणाला परत लावता येत नाही. सगळ्या कारखान्याचं खरंखोटं त्या एवढ्याशा ठोकळ्यावर उभं होतं, आणि सकाळी शून्य लावण्याचा मान ठवरेकाकांचा होता.

खंडेनवमीला कारखान्यात पूजा असायची. कारखान्यांमधला सर्वांत सुंदर दिवस कोणता म्हणाल तर मी तो सांगेन. आदल्या दिवशी मशिनी धुऊन पुसून निघायच्या, झेंडूच्या माळा चढायच्या, आणि रोज ज्या माणसांना ग्रीसमध्ये पाहायचं ती माणसं इस्त्रीच्या शर्टात लाजत उभी राहायची. बाबा आपल्या मशीनला स्वतः हार घालायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्या वर्षी मालकीणबाई ताट घेऊन सगळीकडे फिरल्या, मशीनमागून मशीनला हळदकुंकू लावत. गोऱ्या, गोड बोलणाऱ्या बाई. आमच्या खोलीत आल्या, गारवा बघून हसल्या, आणि लाकडी पेटीतल्या मास्टरकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे? ठवरेकाकांनी हात जोडले. म्हणाले, बाईसाहेब, हा आमचा देव, सगळी मापं याच्यावरून. मग देवाला कुंकू नको का, म्हणत बाईंनी बोट ओल्या कुंकवात बुडवलं आणि मास्टरवर टिळा लावला. त्या लहानशा ठोकळ्यावर तो लाल टिळा इतका शोभून दिसला की माझे डोळे भरून आले. आपल्या कामाला कुणी देव म्हटलं की येतातच ते.

दसऱ्याला सुटी. आईने पुरण घातलं होतं, शेजारपाजारी सोनं वाटून झालं, बाबांनी नवा शर्ट घातला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नव्या ऑर्डरबद्दल सांगितलं. डिझेल पंपाच्या पिनांची ती ऑर्डर मोठी होती, बाहेरगावच्या नव्या ग्राहकाची, आणि ती बाबांच्याच मशीनवर दिली होती. दसऱ्यानंतर सुरू आणि लगेच रवाना, असा घाईचा मामला. दुसऱ्या दिवशी बाबांनी दिवसभर पिना घासल्या. त्यांच्या पेट्या दुपारनंतर आमच्याकडे येऊ लागल्या. ठवरेकाकांनी सकाळीच शून्य लावून ठेवलं होतं. मी पहिली पीन सरकवली आणि काटा डावीकडे गेला. दुसरी, डावीकडे. सगळी पेटी डावीकडे. दुसरी पेटीही तशीच. मी ठवरेकाकांना हाक मारली, त्यांनी स्वतः मोजून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. अख्खा माल बारीक, म्हणजे अख्खा माल भंगार.

बातमी शॉपमध्ये, म्हणजे मशिनींच्या हॉलमध्ये, पसरायला वेळ लागला नाही. कुणीतरी म्हणालं, नामाभाऊचे डोळे गेले. ज्याने आयुष्यभर छाती पुढे काढली त्याची एक चूक सापडली की लोकांना जेवण गोड लागतं, त्याला मी तरी कुणाला दोष देणार? बाबा आमच्या खिडकीशी आले. हातात त्यांचा मायक्रोमीटर होता, त्यावर पीन बरोबर दाखवत होती. पण मशीनवरच्या मायक्रोमीटरपेक्षा इन्स्पेक्शनचा शब्द वरचा, हा नियम त्यांनाही माहीत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मॅनेजरांनी त्यांना बोलावून सांगितलं की वय झालं, वाईट वाटून घेऊ नका, उद्यापासून पॅकिंगला बसा. मशीन दुसऱ्याला देऊ. भंगाराचा निर्णय सकाळी होणार होता.

घरी येताना बसमध्ये मागून बाबांचा आवाज आला नाही. बस तीच होती, पण मला ती रिकामी वाटली. घरी आल्यावर आईने उरलेल्या पुरणपोळ्या तव्यावर गरम केल्या, तूप वाढलं, तरी ते पाटावर बसलेच नाहीत. आईच्या शिवणाच्या डब्यातून त्यांनी सुई काढली आणि दोरा. दिव्याखाली बसून दोरा ओवला. एका झटक्यात ओवला गेला. मग तो काढला, परत ओवला. मग आणखी बारीक सुई शोधली. आई दारातून पाहत होती. मला इतका राग आला होता, आणि कुणाचा ते कळत नव्हतं. ज्या काट्यावर माझा देवासारखा विश्वास होता त्याने बापाला खोटं ठरवलं होतं, आणि माझ्या बापाने ते अर्धंमुर्धं खरं मानायला सुरुवात केली होती. शेवटी बाबा म्हणाले, "सुई तं ओवली जाते मले. मंग कुठी चुकलो म्या?" त्यांच्या तोंडून 'चुकलो' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

सकाळी मॅनेजरांनी ठवरेकाकांना अहवालासाठी बोलावून घेतलं, म्हणून शून्य लावायचं काम माझ्याकडे आलं. मास्टर कातड्यात धरून डायलखाली ठेवला, काटा शून्यावर आणला. सहज मास्टरच्या एका कोपऱ्याला वरून हलकेच दाबलं. काटा हलला. दुसऱ्या कोपऱ्याला दाबलं, काटा उलटीकडे हलला. सपाट ठोकळा सपाट पाटावर बसला तर तो डुगडुगत नाही, हे पाट घालून जेवायला बसलेल्या कुठल्याही माणसाला कळतं. मी मास्टर उचलला आणि उलटा केला. तळाला कुंकू होतं. सुटं कुंकू झटकलेलं होतं, पण ओल्या टिळ्याचा वाळलेला पापुद्रा तसाच घट्ट बसला होता. माझ्या डोक्यात लख्ख झालं. टिळ्यावर बसलेला मास्टर टिळ्याएवढा उंच झाला होता, डायलने ती उंची पंचवीस म्हणून मान्य केली होती, आणि त्यापुढे बरोबर पीन बारीकच दिसणार होती.

ठवरेकाका परत आले तेव्हा मी त्यांना ते दाखवलं. ते जराही दचकले नाहीत. म्हणाले, हाव, म्याच ती बाजू खाली केली, वरची बाजू साफ पाहिजे ना. पूजेचं कुंकू आपोआप जाईपर्यंत राहू द्यायचं, हे त्यांच्या रक्तातलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही होतं. आमच्या घरी कुंकवाची डबी रिकामी झाली तरी आई 'संपलं' म्हणायची नाही, आणि 'कुंकू पुसणं' हे दोन शब्द तर एकत्र उच्चारायची सोयच नव्हती. त्यांचा अर्थ एकच होतो, आणि तो कुठल्या बाईला सांगावा लागत नाही. मी स्पिरिटच्या बाटलीकडे हात नेला तसे ठवरेकाका मध्ये आले. ते रागावले नव्हते, घाबरले होते.

"कुंकू पुसते का वं कोणी? अन् तेही बाईसाहेबांच्या हातचं?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "लोक काय म्हणतीन माहीत आहे? बापाच्या पिना पास कराले पोट्टीनं देवाचं कुंकू पुसलं म्हणतीन."

हे मात्र मला लागलं, कारण ते खरं होतं. मी पुसलं असतं आणि नंतर पिना बरोबर निघाल्या असत्या, तर मी काय केलं आणि काय नाही, हे कुणीच मानलं नसतं. बाबांची मशीन राहिली असती आणि अब्रू गेली असती, आणि जोडीला माझीही. म्हणून मी मास्टरला हात न लावता मुळे साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी मास्टर उलटा करून पाहिला, चष्मा काढला, परत लावला. त्यांच्या कपाटात दुसरा मास्टर असायचा, कुलपात, फक्त पहिल्याची तपासणी करायला बाहेर निघणारा. त्याची पूजा कधीच झाली नव्हती, कारण तो कुणाला माहीतच नव्हता. त्यांनी तो मला काढायला सांगितला. कुंकवाच्या मास्टरवर लावलेलं शून्य तसंच ठेवून दुसरा मास्टर डायलखाली सरकवला. काटा डावीकडे गेला, जसा बाबांच्या पिनांना जात होता, अगदी तेवढाच.

खोलीत आम्ही तिघेच होतो आणि तिघांनाही ते दिसलं. ठवरेकाकांनी गळ्यातली माळ मुठीत धरली. साहेबांनी त्यांना झापलं नाही, याबद्दल मी त्यांना आजही मनातल्या मनात नमस्कार करते. ते म्हणाले, "ठवरे, याला स्वच्छ ठेवणं हीच याची पूजा. बाईंना ते कसं माहीत असणार? ते आपल्याला माहीत हवं." ठवरेकाका हात जोडून मास्टरसमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, "मंग पुस. पण हळू पुस." मी स्पिरिटमध्ये कापूस भिजवला आणि हळूच पुसलं. कापूस लाल झाला. पुसण्याआधी मी हात कपाळाला लावला होता, हे कबूल करते. कितीही डिप्लोमा केला तरी हाताला आईने शिकवलेलं आधी आठवतं.

मग साहेबांनी मॅनेजरांना बोलावलं, बाबांना बोलावलं, आणि सगळा माल सगळ्यांसमोर परत मोजायचं ठरलं. मी म्हटलं, साहेब, मी नको, ठवरेकाकांना मोजू दे. साहेब म्हणाले, शोध तू लावलास, मोजायचं तूच. खिडकीबाहेर शॉपमधली माणसं जमली होती. मी साफ मास्टरवर शून्य लावलं, चारही कोपरे दाबून दाखवले, काटा जागचा हलला नाही. पहिली पीन सरकवली. काटा शून्याच्या आसपास थांबला. दुसरी, तिसरी, सगळी पेटी. बाबांना मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत होते. त्यांची मान हळूहळू वर येत होती, खांदे मागे जात होते, आणि दुसऱ्या पेटीपर्यंत ते शेजारच्याला सांगू लागले होते की हात म्हणजे काय चीज असते. मलाही आत उकळ्या फुटत होत्या. मला वाटलं, आता हे असंच शेवटपर्यंत चालावं.

शेवटी राहिलेल्या तळाच्या पेटीत, जी बाबांनी आदल्या दिवशी सकाळी सर्वांत आधी भरली होती, एक पीन आली आणि काटा डावीकडे गेला. पाच मायक्रॉनच्या रेषेच्या पलीकडे, थोडासाच, पण पलीकडे. मी पीन पुसली, परत सरकवली. तेच. मास्टर परत ठेवून पाहिला, शून्य बरोबर होतं. मी पीन परत सरकवली. तेच. कुणीतरी बाहेरून म्हणालं, राहू दे ना. ठवरेकाका, ज्यांनी टिळ्याची बाजू खाली केल्यापायी हे सगळं झालं होतं, सुटकेच्या आनंदात असतील बिचारे, तेही हळूच म्हणाले, "दोन मायक्रॉन वं. जाऊ दे." बाबा माझ्याकडे पाहत होते. कालपासून पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही, आणि मी वाचायला थांबलेही नाही, कारण थांबले असते तर माझा हात चुकला असता. मी ती पीन नापास मालाच्या लाल पेटीत टाकली. पोलादावर पोलाद पडल्याचा आवाज झाला. त्यानंतर त्याच पेटीतल्या आणखी काही पिना तशाच निघाल्या, ओंजळीत मावतील एवढ्या, आणि प्रत्येकीचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मोजून झालं. माल पास झाला, मॅनेजरांनी बाबांचा हात हातात घेतला, मशीन त्यांचीच राहिली. बाबा लाल पेटीपाशी आले. त्यांनी एक पीन उचलली, उजेडाकडे धरून फिरवली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे माहेच आहेत. सुटीनंतर मशीन थंड होती, गरम व्हायच्या आधीचे. म्या घाई केली." आणि मग माझ्याकडे वळून, कारखान्याच्या भर खोलीत, "बरोबर फेकले, पोट्टे." ते काम करायला निघून गेले. मी वॉशबेसिनवर जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि ते पाणी आहे की आणखी काही, हे कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी बसमध्ये आवाज परत आला. मी पुढच्या सीटवर खिडकीबाहेर पाहत होते आणि मागून सगळं ऐकू येत होतं. मला वाटलं होतं, ते पास झालेल्या पेट्यांबद्दल सांगतील, सुईबद्दल सांगतील, डोळे गेले म्हणणाऱ्यांना चार शब्द सुनावतील. ते त्यातलं काहीच बोलले नाहीत. ते सांगत होते, की माह्या पोरीनं आज माहा माल रिजेक्ट केला, सगळ्यायसमोर, अन् दोन मायक्रॉनसाठी. ड्रायव्हरलाही उठून जाऊन सांगितलं. घरी मी कुंकवाची गोष्ट आईपासून लपवायची ठरवलं होतं, पण बाबांनी चपला काढायच्या आधीच तीही सांगून टाकली. आईचा हात आधी स्वतःच्या कपाळावरच्या कुंकवाकडे गेला. मग म्हणाली, "लोखंडाचं पुसलं, माहं राहिलं. चला, जेवाले बसा." बाबा बसले. कांदा फुटला.

त्यानंतर मी त्या धंद्यात आयुष्य काढलं. कितीतरी कारखान्यांचे मास्टर माझ्या हाताखालून गेले, आणि आता तर लेझरची यंत्रं आली आहेत, जी माणसाला जवळ फिरकूही देत नाहीत. तरीही दसरा आला की ओळखीच्या कारखान्यांतली पोरंपोरी मला फोन करतात, की मॅडम, पूजा कशी करायची? मी सांगते, यंत्राच्या पेटीला हार घाला, पेटीच्या झाकणाला कुंकू लावा, मनापासून लावा, आतल्या पोलादाला फक्त स्वच्छ कापूस. हे सांगताना मला फार बरं वाटतं. एवढं शहाणपण एका माणसाच्या वाट्याला आलं तर त्याने त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही, आणि नम्रता आमच्या घराण्यात नाहीच.

मला बघायला माणसं येऊ लागली तेव्हाची एक गोष्ट सांगते. पोहे यायच्या आधीच बाबा पाहुण्यांना सांगून टाकायचे, "पाहा जी, पोरगी इन्स्पेक्शनले आहे. तिनं माहाच माल रिजेक्ट केला आहे. बापाचा. भर कारखान्यात." काही मंडळी गोंधळून एकमेकांकडे पाहायची, आणि एक चांगलं स्थळ तर निव्वळ त्या वाक्यावर परत गेलं. त्या दिवशी पाहुणे गेल्यावर आईने कपाळावर हात मारला. म्हणाली, काहून जी सांगता हे? पोरीचं शिवणटिपण सांगा, सैपाक सांगा, मार्क सांगा. बाबा रिकाम्या बशा गोळा करत होते. ते थांबले, आणि खरोखरच न कळल्यासारखे आईकडे पाहून म्हणाले, "अवं, पण माह्यापाशी सांगाले याच्याहून मोठं आहे काय?"